चहा स्वस्त झाला, तरी समुद्रात का टाकला? : वसाहतींचं बंड वर्गात असं शिकवा

अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड का केलं, असं विचारलं की आमच्याकडच्या पोरांचं उत्तर ठरलेलं असतं. "इंग्रजांनी लय कर लावला म्हणून." गाइडमधून, मोठ्या भावाच्या एमपीएससीच्या नोट्समधून हेच झिरपत आलेलं असतं. उत्तर अगदीच खोटं नाही, पण त्याने काही उलगडत नाही. त्या काळी खुद्द इंग्लंडमधला माणूस बोस्टनच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. त्याने नाही केलं बंड.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात इतिहास शिकवते. एसटीने तळेगावपर्यंत गेलं की पुढे आष्टी, म्हणजे १९४२ ची शहीद आष्टी. त्यामुळे बंड हा विषय आमच्या पोरांना पुस्तकातला वाटत नाही. तरी कारण विचारलं की "कर" आणि "जुलूम" या दोन शब्दांपुढे गाडी जात नाही. ती पुढे कशी न्यायची, ते इथे लिहिते. आठवी-नववीच्या वर्गात मी हे करते. अभ्यासिकेतल्या मोठ्या पोरांबरोबरही चालतं, फक्त त्यांच्यासाठी पहिला भाग थोडा बदलावा लागेल.

आधी बॅट-बॉलची वही

या धड्याची तयारी जूनमध्येच सुरू होते. खेळाचं साहित्य वर्गाच्या ताब्यात देऊन टाका. आमच्याकडे ते मोजकंच आहे: बॅटी, एक व्हॉलीबॉल, उड्यांच्या दोऱ्या. सोबत एक वही द्या. वहीत रकाने त्यांनीच आखायचे, कोणाला कधी काय द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं, बॉल हरवला तर वर्गणीही त्यांनीच काढायची. आपण मध्ये पडायचं नाही. भांडणं होतात, मिटतात, हळूहळू नियम तयार होतात. आमच्या पोरींनी शनिवारचा व्हॉलीबॉल स्वतःच्या नावावर करून घेतला होता. पोट्टे कुरकुरले, पण नियम वहीत चढला तो चढलाच.

धड्याच्या आठवड्यात फळ्याशेजारी एक चिठ्ठी चिकटवा: "उद्यापासून खेळाचे साहित्य घेण्यासाठी कार्यालयातून सही आणावी. देखभालीसाठी प्रत्येक वेळी एक रुपया जमा करावा." रुपया खरोखर घ्यायचा नाही, फक्त लिहायचं. आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी बाप "शाळेत पैसे घेऊन रायले" म्हणत दारात उभा राहतो आणि शाळा व्यवस्थापन समितीला अमेरिकेची राज्यक्रांती समजावत बसावं लागतं.

पोरं आधी तोंडी तक्रार करतात. त्यांना म्हणा, लेखी द्या. लेखी आलं की ठेवून घ्या, काही बोलू नका. पुन्हा विचारायला आली तर अर्जावर लाल शाईने शेरा मारून परत करा: "अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही." हा शेरा आपल्या सगळ्यांच्या नशिबी कधी ना कधी आलेला असतो, त्यामुळे तो लिहिताना हात थरथरत नाही.

मग एका तासिकेला सरळ विचारा, राग कशाचा आला? पोरं बोलतील ते शब्दही न बदलता फळ्यावर लिहीत जा. रुपया महाग आहे, असं म्हणणारे थोडेच निघतात. आमच्या वर्गात मागच्या बाकावरून आलेलं वाक्य असं होतं: "रुपयाचं काही नाही मॅडम. पण वही आमची होती न! आमाले इचारलं काहून नाही?" एवढं वाक्य फळ्यावर आलं की चिठ्ठी फाडायची, वही परत द्यायची आणि पुस्तक उघडायचं. खेळ यापुढे ताणू नका. पोरांचा विश्वास जाईल, आणि तो परत मिळवायला वर्षही पुरत नाही.

डावा रकाना आधी भरा

फळ्यावर उभी रेघ मारा. डावीकडे "हातात काय होतं", उजवीकडे "काय गेलं, कोणी नेलं". आपण शिक्षक घाईने उजवीकडे धावतो, कायद्यांची यादी लिहून मोकळे होतो. पण डावा रकाना रिकामा राहिला तर उजवा समजतच नाही.

डावीकडे काय येईल? व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांनी निवडलेली सभा होती. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा आली. कर कोणता लावायचा ते ती ठरवी, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्लंडहून आलेल्या गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करी. मॅसॅच्युसेट्समध्ये तर गावोगाव सभा भरायच्या. मत फक्त मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना होतं, हेही लिहा, लपवू नका. लंडन समुद्रापलीकडे, जहाजाने पत्र पोचायला महिना-दोन महिने जायचे. व्यापाराचे कायदे कागदावर कडक होते. परदेशी काकवीवर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स जकात होती, पण अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवलं की पिंप सुटायचं. दीडशे वर्षं असं चाललं. त्या लोकांच्या लेखी आपला कारभार आपण करणं ही मागणी नव्हतीच, ती रीत होती.

आता एका हुशार पोराला लंडनचा मंत्री करा आणि त्याची बाजू नीट मांडायला लावा. हे टाळू नका. त्याची बाजू लंगडी मांडली की सगळा धडा नाटकातल्या खलनायकावर येऊन थांबतो. १७६३ साली फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध संपलं. इंग्लंडचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. अमेरिकेत फौज ठेवायची तर खर्च येणार. मंत्री म्हणतो, तुमच्या सीमेसाठीही लढलो, आता थोडा वाटा उचला. यात वावगं काय आहे? वर्गाला याचं उत्तर पटकन सापडत नाही. सापडूही नये. खरोखरच मागणी गैर नव्हती.

मग उजवा रकाना. १७६४ मध्ये काकवीवरची जकात सहा पेन्सवरून तीनवर आणली. निम्मी केली! तरी व्यापारी चिडले, कारण आता ती खरोखर वसूल होणार होती, आणि खटला आपल्या गावच्या ज्युरीपुढे, म्हणजे गावातल्याच साध्या माणसांच्या पंचांपुढे, न चालता ज्युरी नसलेल्या नौदलीय न्यायालयात चालू शकत होता. इथे पोरांना थांबवून विचारा, उजवीकडे काय लिहायचं? "कर वाढला" असं लिहिता येत नाही. "ज्युरी गेली" असं लिहावं लागतं. इथे पोरं सावध होतात.

१७६५ चा स्टँप कायदा समजवायला तहसीलीसमोरचा अर्जनवीस पुरे. शपथपत्र असो की करारनामा, मुद्रांकाशिवाय कागद हलत नाही हे पोरांनी बापासोबत पाहिलेलं असतं. तिकडे मुद्रांक वर्तमानपत्रांवर, कोर्टाच्या कागदांवर, परवान्यांवर, पदवीच्या कागदावर, इतकंच काय, पत्त्यांवर आणि फाशांवरही आला. म्हणजे फटका बसला तो वकील, छापखानेवाला आणि दारूचा गुत्ता चालवणारा यांना. एक बोलतो, दुसरा छापतो, तिसऱ्याकडे लोक जमतात. राज्यकर्त्याने एकाच वेळी या तिघांना दुखवू नये. बोस्टनमध्ये मुद्रांक विकायला नेमलेल्या माणसाचा पुतळा झाडाला टांगला, त्याने काम सोडलं. इतर वसाहतींतही तेच झालं, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायची वेळ आली तेव्हा बहुतेक ठिकाणी मुद्रांक विकायला माणूसच उरला नव्हता.

लंडनचं म्हणणं होतं की संसद साऱ्या साम्राज्याचा विचार करते, मँचेस्टरलाही स्वतःचा खासदार नाही, मग बोस्टनला कशाला? हे खरंच होतं, मँचेस्टरला १८३२ पर्यंत खासदार नव्हता. पण मँचेस्टरकडे स्वतःची सभाही कधी नव्हती. बघा, परत डावा रकाना.

पुढच्या वर्षी स्टँप कायदा मागे घेतला. त्याच दमात दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा संसदेला पूर्ण अधिकार आहे. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद, चहा यांवर जकात आली. १७७० मध्ये चहा सोडून बाकीची उठवली. चहावरची ठेवली कशासाठी? पैशापेक्षा हक्क दाखवायला. या दोन-तीन वर्षांत वसाहतींनी विलायती मालावर बहिष्कार घातला आणि बायका एकत्र बसून घरचं सूत कातू लागल्या. सेवाग्रामच्या जिल्ह्यात शिकवत असाल तर यावर वेगळं बोलायची गरज नाही, पोरंच चरख्याचं नाव काढतात.

चहाच्या पेट्या

चहाच्या प्रसंगाला पूर्ण तासिका द्या. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हा भाग घाईत उरकू नका.

ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा अडचणीत होती. बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ पडून गेला होता, कंपनीवर कर्ज होतं आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. १७७३ मध्ये संसदेने दोन गोष्टी केल्या. एक आपल्या पोरांना पाठ आहे: नियामक कायदा, ज्याने वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. दुसरी कोणी शिकवत नाही: चहाचा कायदा. कंपनीला चहा थेट अमेरिकेत आपल्या निवडक माणसांमार्फत विकायची सवलत मिळाली. मधले व्यापारी गेले, इंग्लंडमधली जकात सुटली, आणि पौंडामागे तीन पेन्स भरूनही हा चहा चोरून येणाऱ्या डच चहापेक्षा स्वस्त पडू लागला.

इथे गप्प बसायचं. थोडा वेळ जाईल, मग कोणीतरी विचारेलच: "चाय सस्ती झाली न मॅडम, मंग फेकली काहून?"

लगेच उत्तर देऊ नका. फाडलेल्या चिठ्ठीतल्या रुपयाची आठवण द्या आणि गटागटाने बोलू द्या. व्यापारी म्हणून कोणाचं पोट गेलं, हे एक गट शोधेल. स्वस्त चहा पिला की तीन पेन्सचा हक्क मान्य केल्यासारखं होतं, हे दुसरा. कंपनीने बंगालमध्ये काय केलं याच्या बातम्या अमेरिकेतही पोचल्या होत्या, आज चहा, उद्या काय, ही भीती होती. हे मात्र तुम्हाला सांगावं लागेल. तिन्ही कारणं फळ्यावर राहू द्या, एकच निवडायची सक्ती नको. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, एवढंच शेवटी लिहा.

पण माझ्या मते बंड त्या रात्री झालं नाही. ते पुढच्या वर्षी लंडनने केलं. चहाची भरपाई होईपर्यंत १ जून १७७४ पासून बोस्टनचं बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सची जुनी राज्यव्यवस्था मोडीत, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय भरवायची नाही. डाव्या रकान्यात जे जे लिहिलं होतं, ते एका फटक्यात उजवीकडे गेलं. तोवर बाकीच्या वसाहती बोस्टनला भांडकुदळ समजत होत्या. आता त्यांनी तांदूळ, धान्य, मेंढ्या पाठवल्या. व्हर्जिनियाच्या सभेने १ जूनला उपासाचा दिवस पाळायचं ठरवलं, तर गव्हर्नरने ती सभाच बरखास्त केली. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे लोक फिलाडेल्फियात जमले. एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला इंग्रज फौज आणि वसाहतवाले यांच्यात गोळी चालली. त्यानंतरही जुलैमध्ये वसाहतींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो हातात घेतला नाही, ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. तुमच्या लाल शाईच्या शेऱ्याची आठवण पोरांना इथे आपोआप होते, तुम्ही करून देऊ नका. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांब यादी आहे. कराची तक्रार त्यात आहे, पण एका ओळीची.

ज्यांनी बंड केलं नाही, त्यांनाही विचारा

कारण खरं की खोटं, हे तपासायचा सोपा मार्ग: तेच कारण असून कोण गप्प राहिलं? अमेरिकेत इंग्लंडच्या वसाहती तेराहून जास्त होत्या. जमैका आणि बार्बाडोसलाही स्टँप कायदा लागला होता, सभा त्यांच्याकडेही होत्या. पण तिथे उसाच्या मळ्यांवर गुलामांची संख्या गोऱ्यांच्या अनेक पट होती. मालकांना रात्री झोप लागायला इंग्लंडची फौज हवी होती. क्वेबेकच्या फ्रेंच कॅथलिकांना १७७४ मध्ये धर्माची मोकळीक मिळाली होती. म्हणजे हक्क गेल्याचा राग पुरत नाही, साम्राज्याची गरजही संपावी लागते. १७६३ मध्ये फ्रेंच हरले आणि तेरा वसाहतींची ती गरज संपली. इंग्लंडने युद्ध जिंकून स्वतःची गरज संपवली, ही गंमत मोठ्या पोरांना फार आवडते.

आमच्या वर्गातल्या एका गोंड मुलीने मात्र वेगळंच विचारलं: "तिथं आमच्यासारखे कोण होते?" हा प्रश्न तुमच्या वर्गात आला नाही तर तुम्ही काढा. १७६३ च्या राजाज्ञेने ॲपलाचियन डोंगराच्या पलीकडे वस्ती करायला गोऱ्यांना बंदी केली होती, कारण ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची मानली होती. वसाहतवाल्यांच्या रागाचं हेही एक कारण. स्वातंत्र्य हवं होतं, आणि दुसऱ्याचं रानही हवं होतं. १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना आमच्या बाजूने या, मोकळे करतो, असं जाहीर केलं, तेव्हा माणसं जीव धोक्यात घालून त्याच्याकडे पळाली. त्यांच्या डाव्या रकान्यात काय लिहायचं? आमचा वर्ग इथे बराच वेळ गप्प होता. रकाना रिकामा ठेवला आम्ही.

मग आपल्याकडे या

तिकडचे बंडखोर इंग्रजांचेच भाईबंद होते, आपण जिंकलेले लोक होतो. हा फरक आधी सांगा. नाहीतर पोरं "तिकडं बी तसंच, इकडं बी तसंच" लिहून मोकळी होतात. पण फळ्यावरचे दोन रकाने इथेही चालतात.

१९३० घ्या. विदर्भाला समुद्र नाही, मग मिठाचा सत्याग्रह कसा? अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढलं. आणि १० जुलैला पुसदजवळच्या जंगलात लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापलं. गवत! एका पेंढीची किंमत ती काय? उजवा रकाना भरायला पोरांना आता वेळ लागत नाही: पूर्वी गुरं जंगलात चरायची, मग जंगल राखीव झालं, मग परवाना आला.

१९४२ साठी डावा रकाना १९३७ पासून भरा. मध्यप्रांत-वऱ्हाडात निवडून आलेलं मंत्रिमंडळ होतं, आधी ना. भा. खरे, मग रविशंकर शुक्ल. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, मंत्रिमंडळं बाहेर पडली. १४ जुलै १९४२ ला वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला, ९ ऑगस्टला पुढारी तुरुंगात. अर्ज करायचा तरी कोणाकडे? १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीत आणि चिमुरात लोक निघाले. गोळीबार झाला, गावकरी गेले, सरकारी माणसंही मारली गेली. हा दुसरा भाग गाळू नका. आमच्या पोरांना तो घरी ऐकून माहीत असतो.

आणि उलटी तपासणी इथेही करा. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, वाड्यातले जडजवाहीर लिलावात गेले, तरी १८५७ मध्ये नागपूर पेटलं नाही. तिकडे चांद्याच्या रानात मात्र बाबुराव शेडमाके लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला फासावर गेले. राजवाड्यात काय गेलं होतं, आणि रानात काय गेलं होतं? यावर निबंध द्या.

गृहपाठाला घरच्या म्हाताऱ्यांना विचारायला पाठवत असाल तर प्रश्न शिकवून पाठवा. "आजोबा, इंग्रजांविरुद्ध लोक का लढले?" असं विचारलं की सत्काराचं भाषण मिळतं. "तुमच्या बापाच्या वेळी गुरं कुठं चरायची? बंद कधी झाली? पावती कोण फाडायचं?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत हा गृहपाठ देऊ नका. घरी कोणी मोकळं नसतं, पोरंही वर्गात नसतात.

नकाशासाठी एक प्रश्न सुचवते. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाऊनला बंडखोरांना शरण गेलेला इंग्रज सेनापती पाच वर्षांनी कुठे दिसतो? कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये तो आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९३ चा बंगालचा कायमधारा त्याचाच. पोरांना बाण काढू द्या.

गुण देताना "कर जास्त होता" एवढंच लिहिणाऱ्याला शून्य देऊ नका. एक गुण द्या आणि समासात लिहा: "मग १७७३ चं काय?" पेपर परत घेऊन पुढचं लिहून आणलं तर उरलेले गुण द्या. आमच्याकडे बहुतेक जण आणतात, मधल्या सुट्टीत, व्हॉलीबॉल सोडून.